कुलूपबंद घर, पाहुणे आणि दूरचा मालक



कोकणातील कोणत्याही गावातून दुपारच्या वेळी फेरी मारली, तर एक गोष्ट लगेच नजरेस येते. पाच-सहा घरांआड एका घराला कुलूप असते. अंगणात माडाच्या झावळ्या पडलेल्या असतात, तुळशीवृंदावनापाशी गवत वाढलेले असते आणि पडवीच्या कोपऱ्यात गणपतीचा पाट उभा करून ठेवलेला असतो. घराचा मालक मुंबईत, पुण्यात किंवा परदेशात असतो. एकोणिसाव्या शतकात मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या. तेव्हापासून रत्नागिरी जिल्ह्यातील माणूस पोटासाठी तिकडे जाऊ लागला, आणि चाकरमान्याने धाडलेल्या मनिऑर्डरीवर गावाकडची घरे उभी राहिली. पुढील पिढ्या शहरातच वाढल्या. घरे मात्र गावातच राहिली आहेत.

गेल्या काही दशकांत या घरांकडे पाहण्याची दृष्टी बदलली आहे. सिंधुदुर्ग हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपी येथील विमानतळ सुरू झाला. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याच्या सुट्टीत मालवण, गुहागर, दापोली, श्रीवर्धन या भागांत मोठ्या संख्येने पर्यटक येतात. जांभ्या दगडाचे, कौलारू, विहीर आणि माडांची सावली असलेले घर शहरी कुटुंबाला हवेसे वाटते. त्यामुळे ज्याचे असे घर रिकामे आहे, त्याच्या मनात स्वाभाविकपणे विचार येतो : हे घर सुट्टीपुरते पाहुण्यांना भाड्याने द्यावे काय? आणि द्यावयाचे ठरल्यास, मुंबईत बसून त्याचा कारभार स्वतः पाहावा, की तो दुसऱ्या कोणाच्या हाती सोपवावा?

हा प्रश्न केवळ एका कुटुंबाच्या कमाईचा नाही. बदलीमुळे गाव सोडलेले अनेक अधिकारी व शिक्षक स्वतःच असे दूरचे मालक आहेत. पंचायत सदस्यांच्या गावात अशी घरे आहेत. घर चालले तर गावात चार हातांना काम मिळते. वाईट रीतीने चालले तर पाणी, कचरा आणि तंटे यांचा भार गावावर पडतो. म्हणून या निर्णयाचा विचार पद्धतशीरपणे करणे इष्ट ठरेल.

घर कोणाचे?

पहिला विचार व्यवहाराचा नव्हे, हक्काचा करावयास हवा. गावाकडील बहुतेक जुनी घरे एका माणसाची नसतात. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर आजोबांचे नाव असते, वापर तीन भावांचा असतो आणि कर भरणारा चौथाच असतो. कर आकारणीची ही नोंद म्हणजे मालकीहक्काचा निर्णायक पुरावा नव्हे, हेही ध्यानी ठेवले पाहिजे. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीनुसार एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीलाही मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. म्हणून लग्न होऊन गेलेल्या बहिणींची संमतीही घ्यावयास हवी. भावांनी आपसात ठरविले आणि बहिणींना नंतर कळले, अशा घरांत पहिल्या हंगामाच्या मिळकतीबरोबर पहिला वादही येतो.

संमती लेखी असावी, आणि तिच्यात केवळ ‘हरकत नाही’ एवढेच नसावे. मिळकतीची वाटणी कशी, दुरुस्तीचा खर्च कोणी सोसावा, देवघर व एक खोली कुटुंबासाठी राखून ठेवावयाची काय, याची नोंद तिच्यात असावी. गणपती आणि शिमगा या सणांचा उल्लेख तर अवश्य असावा. त्या दिवसांत चाकरमानी घरी येणारच. सहा महिने आधी पाहुण्याकडून आगाऊ रक्कम घेतली आणि ऐन चतुर्थीला थोरले काका सहकुटुंब दारात उभे राहिले, तर कोणाला परत पाठवावयाचे? ज्या कुटुंबात हे आधी ठरलेले नसते, त्याने पुढचे पाऊल टाकू नये.

दुरून होणारे काम आणि न होणारे काम

दुसरा विचार कामाचा. पाहुण्यांना घर देणे हे वरवर एकच काम दिसले, तरी त्याची दोन निराळी अंगे आहेत. एक अंग पत्रव्यवहाराचे व हिशेबाचे आहे : घराची माहिती प्रसिद्ध करणे, छायाचित्रे देणे, दर ठरविणे, चौकशीला उत्तर देणे, आरक्षण स्वीकारणे, पैसे घेणे, हिशेब ठेवणे. दूरध्वनी आणि संगणक यांच्या साहाय्याने हे सारे मुंबईतून, किंबहुना दुबईतूनही, व्यवस्थित होऊ शकते. पुष्कळदा मालकच ते अधिक चांगले करतो. कारण घराचा इतिहास, वाट, समुद्राचे अंतर, जवळची खानावळ याची माहिती त्यालाच असते.

दुसरे अंग हातापायांचे आहे. पाहुणा गेल्यावर झाडलोट करावी लागते, चादरी व उशांचे अभ्रे धुवावे लागतात, विहिरीवरचा पंप चालू करून टाकी भरावी लागते, गॅसचा सिलिंडर बदलावा लागतो, माडाखाली सुकलेले नारळ वेळीच उतरवून घ्यावे लागतात. रात्री अकरा वाजता वीज गेली, पाहुण्याच्या मुलाला ताप आला, न्हाणीघरात फुरसे निघाले, तर कोणाला तरी तेथे प्रत्यक्ष जावे लागते. मुंबईहून मालवण सुमारे पाचशे किलोमीटर आहे. मालकाने फोन कितीही तत्परतेने उचलला, तरी त्या रात्री त्याचा उपयोग गावातील दुसऱ्या कोणाला उठविण्यापुरताच असतो.

यावरून प्रश्नाचे खरे स्वरूप स्पष्ट होते. ‘स्वतः चालवावे की दुसऱ्याकडे द्यावे’ या शब्दांत तो मांडला, तर तो अर्धाच मांडला जातो. हातापायांचे काम कोणत्याही परिस्थितीत गावातील माणूसच करणार आहे. तेव्हा निर्णय घ्यावयाचा तो हा : तो माणूस कोण, तो घरापासून किती दूर राहतो, त्याला काय मोबदला मिळतो आणि मालकाला न विचारता त्याला काय करता येते? ज्याच्याकडे याचे उत्तर आहे, तो पाचशे किलोमीटरवरूनही घर चालवू शकतो. ज्याच्याकडे ते नाही, त्याला पन्नास किलोमीटरवरूनही ते जमत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातील वेळास या गावाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. सागरी कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी तेथे पर्यटक येतात आणि गावकऱ्यांच्या घरातच उतरतात. जेवण घरचे, देखरेख घरच्यांची. घरातली बाई स्वतः चुलीपाशी असल्यामुळे पाहुण्याला काय हवे, काय नको हे तिला समोरच दिसते. दूरच्या मालकाला हीच जागा गावातील दुसऱ्या कोणाला देऊन भरून काढावी लागते.

पावसाळ्याचे चार महिने

कोकणातील घर हे दुसऱ्या प्रदेशातील घरासारखे नाही. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, काही ठिकाणी त्याहूनही अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. पावसाळ्यापूर्वी छपराची शाकारणी करावी लागते, फुटकी कौले बदलावी लागतात, पावसाच्या बाजूला झड बांधावी लागते. माकडे कौलांवरून उड्या मारून गेली की दुसऱ्या दिवशी माजघरात गळती सुरू होते. बंद घरात ओल धरते, गाद्यांना बुरशी येते, वाशांना वाळवी लागते. समुद्राकाठच्या घरांत खाऱ्या वाऱ्यामुळे बिजागऱ्या, पंखे आणि विजेची उपकरणे लवकर गंजतात.

येथे पाहुण्यांच्या मिळकतीचे आणि घराच्या गरजांचे वेळापत्रक परस्परविरुद्ध आहे. पैसा येतो दिवाळीपासून मेअखेरपर्यंत. घराला माणूस लागतो तो मुख्यतः जूनपासून. जो व्यवस्थापक केवळ मिळकतीच्या टक्केवारीवर काम करतो, त्याला जुलै महिन्यात त्या घरात मिळण्यासारखे फारसे काही नसते. तो अप्रामाणिक असतो असे नव्हे. त्याच्या मोबदल्याची रचनाच त्याला तिकडे फिरकू देत नाही. म्हणून करार कोणाशीही असो, पावसाळ्यातील देखरेखीचा मोबदला स्वतंत्रपणे ठरविला पाहिजे. आठवड्यातून एकदा घर उघडणे, खिडक्या उघडून वारा खेळू देणे, गळतीचे छायाचित्र मालकाला पाठविणे आणि पाणी तुंबले असल्यास वाट करून देणे, एवढे काम लिहून ठेवले तरी घराचे आयुष्य वाढते.

आपत्तीचा विचारही सोडून चालत नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ हे चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्यावर आदळले. छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ वादळाने कोकण किनाऱ्याला तडाखा दिला. अशा वेळी मालकाला गावी पोहोचता येत नाही, फोनही लागत नाहीत. घरावर ताडपत्री टाकण्याचा आणि सुताराला बोलावण्याचा अधिकार आधीच गावातील माणसाला दिलेला असेल, तरच घरातील सामान वाचते. विम्याची पत्रेही या दृष्टीने नीट वाचावीत. घर दीर्घकाळ बंद असल्यास, तसेच पैसे घेऊन पाहुणे ठेवल्यास विम्याचे संरक्षण लागू राहते काय, याचे लेखी उत्तर विमा कंपनीकडून घ्यावे.

हिशेब मांडून पाहावा

तिसरा विचार पैशाचा. तो अंदाजाने न करता कागदावर मांडावा. उदाहरणादाखल काही आकडे गृहीत धरू. प्रत्येकाने त्यांच्या जागी आपल्या गावातील दर घालावेत.

समजा, एका घराचे एका रात्रीचे भाडे ३,००० रुपये आहे आणि पाहुणे सरासरी दोन रात्री राहतात. स्थानिक व्यवस्थापक मिळकतीच्या २५ टक्के घेतो आणि त्यात साफसफाईसह सर्व काम करतो. मालक वर्षातून दोनदा गावी येतो. प्रत्येक फेरीस ३,००० रुपये खर्च येतो. याउलट स्वतः कारभार पाहावयाचा झाल्यास गावातील राखणदाराला दरमहा ४,००० रुपये, प्रत्येक पाहुण्यानंतरच्या साफसफाईचे ५०० रुपये आणि मालकाच्या वर्षातून सहा फेऱ्या, असा खर्च धरू. वीज, कर, दुरुस्ती हा खर्च दोन्हीकडे सारखाच असल्याने तो बाजूला ठेवू.

वर्षात ६० रात्री घर लागले, तर मिळकत १,८०,००० रुपये होईल. व्यवस्थापकाकडे दिल्यास खर्च ५१,००० रुपये आणि स्वतः पाहिल्यास ८१,००० रुपये येईल. ९० रात्री लागले, तर हेच आकडे अनुक्रमे ७३,५०० आणि ८८,५०० होतील. १२० रात्रींना दोन्ही खर्च बरोबर सारखे, म्हणजे ९६,००० रुपये होतात. १५० रात्री लागले, तर व्यवस्थापकाचा खर्च १,१८,५०० रुपये आणि स्वतःचा १,०३,५०० रुपये होतो.

या मांडणीतून दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की, ‘टक्केवारी वाचेल’ एवढ्या कारणाने स्वतः कारभार हाती घेणे नेहमी फायद्याचे नसते. राखणदाराचा पगार आणि प्रवासखर्च हे पाहुणे आले नाहीत तरी द्यावेच लागतात. घर वर्षातून थोडेच दिवस लागत असेल, तर टक्केवारीच स्वस्त पडते. दुसरी गोष्ट अशी की, या हिशेबात मालकाचा वेळ धरलेलाच नाही. कार्यालयात काम चालू असताना येणारे फोन, रात्री नऊनंतरच्या चौकशा, अखेरच्या क्षणी रद्द होणारी आरक्षणे, यांचे मोल प्रत्येकाने स्वतः ठरवावे. घरातील कोणी निवृत्त असेल आणि त्याला या कामाची आवड असेल, तर हाच वेळ ओझे न वाटता विरंगुळाही ठरतो.

किल्ली कोणाकडे?

अनेक कुटुंबांत या प्रश्नाचे उत्तर विचार न करताच दिले जाते : ‘किल्ली शेजारच्या काकूंकडे आहे.’ काकू प्रेमाने किल्ली ठेवतात, घर झाडतात, पाहुण्यांना पाणी देतात. पहिल्या वर्षी त्यांना एक साडी मिळते. दुसऱ्या वर्षी पाहुण्यांची संख्या दुप्पट होते आणि साडी एकच राहते. तिसऱ्या वर्षी काकूंच्या घरी लग्न असते, किल्ली मिळत नाही, पाहुणा रस्त्यावर ताटकळतो आणि मुंबईहून रागाचा फोन येतो. पैशाच्या कामासाठी नात्याचा असा वापर केला की काम बिघडते आणि नातेही तुटते. भावकीत एकदा आलेले वितुष्ट पिढ्यान्‌पिढ्या टिकते, हे गावात राहणाऱ्यांना सांगावयास नको.

म्हणून जो किल्ली सांभाळतो, त्याचे काम हे काम मानावे. त्यासाठी पुढील बाबी लेखी ठरवाव्यात. दरमहा रक्कम किती आणि ती कोणत्या तारखेस मिळेल. प्रत्येक पाहुण्यामागे वेगळे किती. जेवण दिल्यास त्याचे पैसे पूर्णपणे जेवण करणाऱ्याचे की त्यात मालकाचा वाटा. न विचारता किती रुपयांपर्यंत खर्च करता येईल. दोन-तीन हजारांची मर्यादा ठरवून ती रक्कम आगाऊ त्याच्यापाशी ठेवल्यास नळ फुटला म्हणून दोन दिवस वाट पाहावी लागत नाही. मद्यपान करून गोंधळ घालणाऱ्या पाहुण्याला घर सोडावयास सांगण्याचा अधिकार त्याला आहे की नाही. आणि तो आजारी पडला किंवा परगावी गेला, तर त्याच्या जागी कोण.

योग्य माणूस निवडताना एक साधी कसोटी लावावी : रात्रीच्या वेळी अर्ध्या तासाच्या आत घरी पोहोचू शकेल असा तो आहे काय? तालुक्याच्या गावी दुकान असलेला हुशार माणूस दिवसा उपयोगी पडतो. रात्री वाडीतला शेजारीच धावून येतो. बचत गटाने हे काम सामूहिकरीत्या घेतल्यास फायदा अधिक, कारण एका बाईच्या घरी अडचण असली तरी दुसरी असते, आणि साफसफाई, धुणे व जेवण ही कामे वाटून घेता येतात.

कायद्याच्या व नोंदणीच्या बाबी

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्थापना १९७५ मध्ये झाली. खाजगी घरांतून पर्यटकांची सोय व्हावी यासाठी ‘न्याहरी व निवास’ ही योजना राज्यात राबविली गेली. शेतीवर आधारित पर्यटनासाठी कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये मंजूर झाले. अर्ज करण्यापूर्वी अटी काळजीपूर्वक वाचाव्यात. केंद्र शासनाच्या अशाच स्वरूपाच्या योजनेत मालकाचे कुटुंब त्याच घरात राहत असले पाहिजे, अशी अट आहे. दूर राहणाऱ्या मालकाचे घर तिच्यात बसत नाही, हे अर्ज भरल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे. गोव्यात घर असलेल्यांनी लक्षात ठेवावे की, तेथे १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्यानुसार पर्यटकांना खोल्या देणाऱ्यास नोंदणी आवश्यक आहे.

परदेशी पाहुणा उतरल्यास त्याची माहिती २४ तासांच्या आत संबंधित अधिकाऱ्यांना ऑनलाइन कळवावी लागते. घर एकच खोलीचे असले, तरी ही जबाबदारी टळत नाही. भारतीय पाहुण्यांच्या ओळखपत्रांची नोंदही ठेवावी. माहिती दुरून भरता येते. परंतु आलेला पाहुणा आणि ओळखपत्रावरील माणूस एकच आहे हे दारात उभी असलेली व्यक्तीच पाहू शकते. समुद्राजवळच्या घरात नवीन खोली किंवा शौचालय बांधण्यापूर्वी किनारपट्टी नियमनाची २०१९ ची अधिसूचना आपल्या जागेला कशी लागू होते, ते पाहावे. विजेचा दर कोणता लागेल हे वीज कंपनीच्या कार्यालयात विचारावे. मिळकत आयकर विवरणपत्रात दाखवावी.

शासकीय सेवेत असलेल्यांसाठी आणखी एक सूचना आवश्यक आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार पूर्वमंजुरीशिवाय कर्मचाऱ्याला खाजगी व्यापार-धंदा करता येत नाही. स्वतःच्या घराचे भाडे घेणे वेगळे आणि जेवणासह पाहुण्यांची सोय करण्याचा व्यवसाय चालविणे वेगळे. ही सीमारेषा आपल्या प्रकरणी कोठे पडते, हे कार्यालयाकडून लेखी स्पष्ट करून घ्यावे. गावातील विश्वासू शिक्षकाकडे किल्ली आणि व्यवहार सोपविण्याचा मोह पुष्कळांना होतो. त्यांनाही त्यांच्या सेवेचे नियम लागू आहेत, याचा विसर पडू नये.

ग्रामपंचायतीचा वाटा

दूरचा मालक घर चालवितो, तेव्हा गावाशी त्याचा संबंध येतो तो पाणी, कचरा आणि रस्ता यांतून. चार माणसांच्या घरात मे महिन्यात बारा पाहुणे उतरले, तर त्याच विहिरीवर, त्याच नळ योजनेवर ताण येतो. वाडीतील बायका हंडे घेऊन उभ्या असताना पाहुण्यांची मोटार धुतली जात असेल, तर त्या घराविषयी गावात आस्था राहणार नाही. ग्रामपंचायतीने याबाबत आधीच काही साधी व्यवस्था केली, तर पुढचे तंटे टळतात. गावात पाहुण्यांसाठी चालणाऱ्या घरांची यादी ठेवावी. प्रत्येक घराच्या गावातील जबाबदार व्यक्तीचे नाव व दूरध्वनी क्रमांक कार्यालयात असावा. पाण्याची साठवण, शोषखड्डा आणि कचऱ्याची विल्हेवाट यांची पाहणी हंगामापूर्वी करावी. समुद्रात कोठे उतरणे धोक्याचे आहे याची सूचना प्रत्येक अशा घराच्या ओटीवर लावून घ्यावी. समुद्राची ओळख नसलेल्या पाहुण्यांसाठी तो फलक जीव वाचविणारा ठरू शकतो.

अशी मागणी करताना पंचायतीने मालकाला परका मानू नये. तो गावाचाच माणूस आहे, आणि त्याने घर उघडले म्हणून वाडीत दिवा लागला आहे. मालकानेही शहराचा अधिकारी असल्याच्या थाटात फोनवरून हुकूम सोडू नयेत. ग्रामसभेला वर्षातून एकदा तरी उपस्थित राहिल्यास दोन्ही बाजूंच्या पुष्कळ तक्रारी तेथेच मिटतात.

निर्णय कसा घ्यावा?

वरील सर्व बाबी ध्यानात घेता, दूरच्या मालकापुढे चार मार्ग उरतात. पहिला, कागदाचे काम स्वतःकडे ठेवून हाताचे काम गावातील ठरलेल्या माणसाला देणे. संमती पक्की, माणूस विश्वासू आणि मालकाकडे वेळ असल्यास हा मार्ग उत्तम. दुसरा, सर्व कारभार टक्केवारीवर स्थानिक व्यवस्थापकाकडे देणे. घर थोडेच दिवस लागत असेल किंवा मालक परदेशी असेल, तर तो सोयीचा. मात्र करार लेखी असावा. घराचा ताबा दीर्घ मुदतीने द्यावयाचा असल्यास तो नोंदणीकृतही असावा. हंगामात मालकाने एकदा तरी न कळविता घर पाहून यावे.

तिसरा मार्ग पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. गावात बदलून आलेला शिक्षक, आरोग्यसेविका, बँकेचा कर्मचारी यांना राहण्यास चांगली जागा मिळत नाही, आणि शेजारीच मोठे घर कुलूपबंद असते. अशा कुटुंबाला घर निवासासाठी दिल्यास मिळकत कमी होईल. पण रोज चूल पेटेल, घराला माणसाची ऊब राहील, गळती त्याच दिवशी कळेल आणि गावाच्या शाळेला व दवाखान्याला स्थिर माणूस लाभेल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार त्याचा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक आहे, एवढी काळजी घेतली म्हणजे झाले. एक-दोन खोल्या कुलपात राखून ठेवल्यास गणपतीत कुटुंबालाही उतरता येते.

चौथा मार्ग म्हणजे तूर्त काहीच न करणे. कुटुंबात एकमत नसेल, गावात माणूस नसेल, तर घर घाईने पाहुण्यांसाठी उघडण्यापेक्षा छप्पर दुरुस्त करून घेणे आणि राखणदार नेमणे अधिक शहाणपणाचे. घर टिकले, तर निर्णय पुढील वर्षीही घेता येतो.

ज्यांना पहिला मार्ग पसंत आहे त्यांनी दिवाळी ते मे असा एक हंगाम प्रयोग म्हणून चालवून पाहावा. त्या काळात एका वहीत चार रकाने ठेवावेत : पाहुणा आला ती तारीख, मिळालेली रक्कम, झालेला खर्च आणि उद्भवलेली अडचण. चौथा रकाना सर्वांत मोलाचा. प्रत्येक अडचण कोणी निस्तरली, किती वेळात निस्तरली आणि त्यासाठी मुंबईला किती फोन करावे लागले, हे त्यात लिहावे. मे महिन्याच्या अखेरीस ही वही आणि गावातील माणूस यांना समोर बसवून हिशेब करावा, आणि त्याचे म्हणणे आधी ऐकावे. अडचणी गावातच सुटल्या असतील, तर मालक दूर असला तरी घराची व्यवस्था जवळ आहे, असे समजावे. प्रत्येक वेळी मुंबईची वाट पाहावी लागली असेल, तर पुढच्या हंगामाची आरक्षणे स्वीकारण्यापूर्वी व्यवस्था बदलावी.

पिढ्यान्‌पिढ्यांच्या कष्टाने उभी राहिलेली ही घरे एका हंगामाच्या मिळकतीसाठी झिजविणे योग्य नव्हे. कुलपामागे कुजू देणेही योग्य नव्हे. ज्या घराचा विचार मालकाने, त्याच्या भावंडांनी आणि किल्ली सांभाळणाऱ्या शेजाऱ्याने एकत्र बसून केला आहे, त्या घरात पाहुणा सुखाने उतरेल आणि गणपतीही वेळेवर पाटावर बसेल.